उपकार नव्हे, परतफेड

(१० मार्च रोजी, सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनी, वर्धा जिल्ह्यातील कास्तकार, मजूर व आशा भगिनींच्या सभेत झालेले भाषण.)



१८९७ सालच्या आजच्याच तारखेस सावित्रीबाई प्लेगने गेल्या. त्या वर्षी पुण्यात प्लेगचा कहर चालला असता ज्यांना पळणे शक्य होते ते पळाले. साठी उलटलेल्या सावित्रीबाई मात्र पळाल्या नाहीत. त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंतराव लष्करी नोकरीनिमित्त घरापासून दूर होते. त्यांना बोलावून घेऊन हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात दवाखाना उघडला गेला. मुंढव्याच्या एका अस्पृश्य मुलास प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले व दवाखान्यात आणले. मूल वाचले, सावित्रीबाई गेल्या. त्याच्या आदल्याच महिन्यात, ९ फेब्रुवारीस, गिरणी कामगारांचे कैवारी नारायण मेघाजी लोखंडे हेही मुंबईत याच रोगाने गेले होते. आपल्या चळवळीने साथीच्या काळात काय केले, असे कोणी विचारल्यास ही दोन नावे पुरे आहेत.

परंतु आज मला आपले लक्ष यशवंतरावांकडे वेधावयाचे आहे. शिकून सवरून दूर गेलेला मुलगा संकटाच्या वेळी घरी आला, आणि जी विद्या घेऊन तो गेला होता ती त्याने येथल्या गोरगरिबांच्या कामी लावली. शिकून बाहेर गेलेल्यांचे आणि मागे राहिलेल्यांचे एकमेकांशी नाते काय, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. २०२० व २०२१ या सालांत करोनाच्या साथीने हा प्रश्न आपल्या दारात आणून टाकला. साथ गेली, प्रश्न गेला नाही.

थोडी आठवण करून देतो. २०२० च्या मार्च महिन्यात सारा देश कुलूपबंद झाला. मे महिना उजाडेपर्यंत वर्धा जिल्ह्यात एकाही रुग्णाची नोंद नव्हती; पण रोगाच्या आधी उपासमार येऊन पोहोचली. नागपूर-हैदराबाद हमरस्ता आपल्या हिंगणघाटावरून, जामवरून जातो. त्या रस्त्याने तेलंगणातून उत्तरेकडे निघालेले मजूर डोक्यावर बोचके आणि कडेवर पोर घेऊन उन्हातान्हात चालत होते. परदेशी राहणाऱ्यांविषयी आपण मोठ्या कौतुकाने बोलतो. पण पोटाकरिता परमुलखी गेलेले हेही होतेच. एकाच्या हाती पारपत्र, दुसऱ्याच्या हाती रिकामा डबा, एवढाच काय तो फरक.

पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये शेजारच्या अमरावतीस रोग पुन्हा उसळला आणि दोन महिन्यांत सारा विदर्भ त्याच्या तावडीत सापडला. आपल्या जिल्ह्याचा भार सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे विनोबा भावे रुग्णालय या दोहोंवर येऊन पडला. प्राणवायूचा एवढा तुटवडा झाला की एप्रिलमध्ये विशाखापट्टणमहून रेल्वेने टँकर आणावे लागले आणि त्यांतले काही नागपुरास उतरविले गेले. हवा ही काही कोणाच्या मालकीची वस्तू नव्हे. पण त्या दिवसांत श्वासाला भाव आला होता.

त्या वेळी परदेशी राहणाऱ्या आपल्या लोकांनी मदत केली, हे कृतज्ञतेने सांगितलेच पाहिजे. भूजच्या भूकंपानंतर २००१ साली अमेरिकेत निघालेले अमेरिकन इंडिया फाउंडेशन, तेथल्या भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना, १९७८ पासून चालत आलेले मराठी मंडळींचे महाराष्ट्र फाउंडेशन, विद्यार्थ्यांनी १९९१ साली काढलेली असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट, अशा किती तरी संस्था आहेत. मे २०२१ मध्ये ट्विटर कंपनीचे त्या वेळचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी दीड कोटी डॉलर तीन संस्थांस वाटून दिले. हवेतून प्राणवायू वेगळा काढणारी यंत्रे विमानांनी येऊ लागली. फुकट वाटण्याकरिता आलेल्या अशा मालावरील कर सरकारने ३ मे २०२१ रोजी माफ केला. नागपूर-वर्ध्याची जी मुले परदेशी आहेत, त्यांनी रात्र रात्र जागून फोनवरून येथे खाटा शोधल्या. ही माया खोटी नव्हती. तिला नावे ठेवण्याकरिता मी उभा नाही.

मला विचारावयाचे आहे ते एवढेच की, या देण्याला आपण काय म्हणावे? दान म्हणावे, उपकार म्हणावे, की आणखी काही?

बंधुभगिनींनो, दान हा शब्द आपल्या समाजाला फार महाग पडलेला आहे. हजारो वर्षे आपण दान देत आलो. खळ्यावरच्या राशीतून आधी भिक्षुकाचा वाटा काढला, मग सावकाराचा, मग सरकारचा, आणि उरलेल्या फोलपटांत आपली पोरे वाढविली. त्या दानाने घेणारा मोठा झाला, देणारा लहानच राहिला. आता काळ बदलला तर देणारा मोठा आणि घेणारा लहान असे झाले. म्हणजे दोन्ही वेळी लहान आपणच! तेव्हा या शब्दातच काही खोट आहे.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढे जी कैफियत मांडली, तिच्यातला एक मुद्दा असा होता की सरकारचा वसूल रयतेच्या घामातून येतो, आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. हा हिशेब आज आपल्या जिल्ह्यात लावून पाहा. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली निघाले. खेड्यांकरिता डॉक्टर तयार करावेत हा त्याचा हेतू. त्याच्या खर्चाचा निम्मा भाग केंद्र सरकार, चौथा भाग राज्य सरकार आणि उरलेला चौथा भाग कस्तुरबा हेल्थ सोसायटी, अशी वाटणी ठरलेली आहे. म्हणजे चार आण्यांतले तीन आणे सरकारी तिजोरीचे. ती तिजोरी कोणाची? काडेपेटी विकत घेणाऱ्या म्हातारीचाही कर तिच्यात आहे. देवळीच्या मजुरणीने साबणाची वडी घेतली, आर्वीच्या कास्तकाराने खताचे पोते घेतले, की कर भरला गेला. आपल्या देशात जो जो मुलगा सरकारी वा सरकारी मदतीच्या महाविद्यालयातून डॉक्टर वा इंजिनिअर होऊन सातासमुद्रापार गेला, त्याच्या शिक्षणात या म्हातारीने पैसा घातलेला आहे. तिने दस्तऐवज करून घेतला नाही, व्याज लावले नाही, तगादा केला नाही. पण म्हणून कर्ज नव्हते असे होत नाही.

आपल्यातलीही मुले आता बाहेर जातात, याचा मला अभिमान आहे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. आज राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घेऊन अनुसूचित जातींची मुले लंडन-अमेरिकेस जातात. बाबासाहेब विद्या घेऊन परत आले आणि त्यांनी ती कोणाच्या कामी लावली, हे सांगावयास नको. त्यांनी समाजावर उपकार केले असे आपण कृतज्ञतेने म्हणतो. पण समाजाचे ऋण फेडणे हे आपले कर्तव्य आहे, अशीच त्यांची भावना होती.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे. परदेशातून येणारा पैसा हा उपकार नव्हे, ती परतफेड आहे. आणि या एका शब्दाच्या फरकाने सारा व्यवहार बदलतो. उपकारात देणारा म्हणतो तसे चालते. परतफेडीत घेणेकऱ्याचा हिशेब चालतो. सावकाराचे कर्ज फेडावयास गेलेला कुळंबी, “मी पैशाऐवजी तुमच्या वाड्यावर माझ्या नावाची पाटी लावतो,” असे म्हणतो काय? पण येथे तसेच होते. प्रथम पाटी, मग फोटो, मग यंत्र. आणि ज्याच्या नाकाला ती नळी लावावयाची त्याला काय हवे होते, हे शेवटपर्यंत कोणी विचारीत नाही.

ही केवळ मानापमानाची गोष्ट नव्हे, जीवनमरणाची आहे. दोन दाखले देतो.

पहिला औषधाचा. एप्रिल २०२१ मध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी रेमडेसिव्हिरचे नाव होते. परदेशच्या नातेवाइकांना फोन जात, “काही करा, पण इंजेक्शन मिळवा.” काळ्या बाजारात लोकांनी दागिने मोडून ते घेतले. आपल्या वर्ध्याच्या औद्योगिक वसाहतीत जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्यात मे महिन्यात त्याचे उत्पादनही सुरू झाले. पण जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सांगून ठेवले होते की रुग्णालयातल्या रुग्णांचे मरण या औषधाने टळते असा पुरावा नाही. उलट ज्या औषधाने अत्यवस्थ रुग्णांचे मृत्यू खरोखर कमी होतात असे इंग्लंडातल्या मोठ्या चाचणीने जून २०२० मध्ये दाखविले, ते डेक्सामेथासोन कोणत्याही दुकानात काही रुपयांत मिळत होते. त्याला परदेशी पैसा नको होता. कोणाला केव्हा द्यावे हे जाणणारा डॉक्टर हवा होता. भीतीने मागितलेली वस्तू प्रेमाने पाठविली, म्हणून ती उपयोगाची ठरत नाही.

दुसरा दाखला यंत्राचा. प्राणवायूचे जे लहान यंत्र विमानाने आले, ते मिनिटाला पाच, फार तर दहा लिटर प्राणवायू देते. मध्यम आजाराच्या रुग्णाला ते तारते. अत्यवस्थ माणसाला त्याच्या कित्येक पट प्राणवायू लागतो. ते विजेवर चालते. खेड्यातली वीज गेली की ते थांबते. त्याची जाळी वेळेवर धुवावी लागते, आतला नायट्रोजन शोषणारा माल ओलाव्याने बिघडतो. हे सांभाळावयास माणूस नसेल तर ते यंत्र देवळातल्या मूर्तीसारखे होते. हार घाला, ते काही करावयाचे नाही. मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या त्या वेळच्या औरंगाबाद खंडपीठापुढे अशीच एक हकीकत आली होती. तेथल्या सरकारी रुग्णालयास मिळालेल्या १५० श्वासयंत्रांपैकी वापरास काढलेली ११३ नादुरुस्त आढळल्याचा अहवाल न्यायालयापुढे ठेवला गेला. ती यंत्रे परदेशी देणगीदारांची नव्हती, पण धडा तोच. यंत्र पेटीतून निघाल्याने माणूस वाचत नाही.

मग माणूस कशाने वाचतो? हातांनी वाचतो. सावित्रीबाईंजवळ यंत्र नव्हते, पाठ होती. आपल्याच वर्ध्याजवळ दत्तपुरास मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली महारोग्यांकरिता कुष्ठधाम काढले, तेव्हा त्या रोगावर खात्रीचे औषधही नव्हते. जखमा धुणारे हात होते, आणि रोग्याला वावरात काम देऊन त्याच्या हातालाही किंमत आणण्याची बुद्धी होती. हिंगणघाटात जन्मलेल्या बाबा आमट्यांनी पुढे वरोड्यास आनंदवन उभे केले ते याच वाटेने.

करोनाच्या साथीत हे हात आपल्या आशा भगिनींचे होते. हजार वस्तीमागे एक आशा. ताप मोजणे, घरोघर फिरणे, बाहेरगावाहून आलेल्यांची नोंद ठेवणे, लोकांच्या शिव्या खाणे, हे सारे त्यांनी केले. २२ मार्च २०२० रोजी सेवा करणाऱ्यांचे आभार म्हणून देशाने थाळ्या वाजविल्या. आणि पुढच्याच वर्षी, १५ जून २०२१ पासून, राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशांना मोबदल्याकरिता संप करावा लागला! आठ दिवसांनी तो मिटला, तो महिना हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये करोना भत्ता यांवर. विमानाने यंत्रे येत होती त्याच दिवसांत, यंत्राचा उपयोग ज्यांच्यामुळे व्हावयाचा त्या बायका रस्त्यावर बसल्या होत्या. थाळी वाजली, थाळीत काय पडले, हे कोणी पाहिले नाही.

आता कोणी म्हणेल की आमचे नातेवाईक पैसे थेट घरी पाठवितातच, मग निराळा खटाटोप कशाला? खरे आहे. जागतिक बँकेच्या हिशेबाने २०२१ साली परदेशस्थ भारतीयांनी सुमारे ८९ अब्ज डॉलर घरी पाठविले. कोणत्याही देणगीहून ही रक्कम किती तरी मोठी. पण हा पैसा जाईल कोठे? ज्याच्या घरातून कोणी गेला आहे त्याच्याच घरी. समुद्रपूरच्या ज्या पारध्याच्या, कारंजाच्या ज्या गोंडाच्या घरातून कोणी तालुक्यापलीकडे गेले नाही, त्याचा वाली कोण? साथ काही नातीगोती पाहून येत नाही. म्हणून घरच्या मनिऑर्डरीखेरीज गावाचे असे एक खाते पाहिजे.

यावर दुसरी अडचण सांगतात ती कायद्याची. आणि ती खरी आहे. विदेशी अंशदानाचा कायदा सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे ऐन साथीत, बदलला. परदेशी पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेस दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत खाते काढणे भाग पडले. कारभाराच्या खर्चाची मर्यादा शंभरास पन्नास होती ती वीसवर आली. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की, एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेस देण्याची पूर्ण बंदी झाली. पूर्वी मुंबई-पुण्याची मोठी संस्था पैसा घेई आणि त्यातला वाटा आर्वी-आष्टीच्या लहान मंडळास देई. ती वाट बंद पडली. मोठ्यांचे चालले, लहानांचे अडले. उलट पीएम केअर्स निधीस याच कायद्यातून सूट मिळाली, आणि तो निधी माहितीच्या अधिकाराखाली येत नाही अशी सरकारने भूमिका घेतली. गावच्या मंडळाने पै-पैचा हिशेब दिल्लीस द्यावा, आणि दिल्लीच्या निधीने गावाला हिशेब देऊ नये, हा कोठला न्याय?

आपण सत्यशोधक. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे आपले पहिले तत्त्व. मग देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये दलाल असावा काय? माझे उत्तर असे आहे की, जो हिशेब दाखवितो तो दलाल नव्हे, तो मुनीम. आणि जो हिशेब दाखवीत नाही तो दलाल, मग तो भगव्या वस्त्रात असो, खादीत असो की सुटाबुटात.

कायद्यातही एक दार उघडे आहे, ते ध्यानात ठेवा. ज्याचे नागरिकत्व अजून भारताचे आहे, अशा परदेशस्थ माणसाने आपल्या स्वतःच्या कमाईतून रीतसर बँकेमार्फत पाठविलेला पैसा विदेशी अंशदान धरला जात नाही. ज्याने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याचा पैसा मात्र विदेशी धरला जातो, मग तो आपल्या गल्लीत जन्मलेला का असेना. त्याने नोंदणी असलेल्या संस्थेकडेच द्यावा. गावोगावच्या शिक्षकांनी ही गोष्ट लोकांना समजावून द्यावी. अज्ञानाने निम्मा पैसा अडतो आणि अज्ञानानेच निम्मा भलत्या हाती पडतो.

आता इतिहासाकडे एकवार पाहू. म्हणजे परतफेडीचे हे नाते आपल्याला नवे नाही, हे कळेल. सत्यशोधक समाजास छापखाना घेण्याकरिता बाराशे रुपये कोणी दिले? रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळोजी काळेवार, नरसिंगराव सायबू वडनाला या मुंबईतल्या तेलुगू मंडळींनी. या लोकांची मूळ भूमी तेलंगण. बांधकामाच्या धंद्यावर ते मुंबईत वर आले. मराठी मुलखातल्या शूद्रातिशूद्रांची चळवळ त्यांनी परकी मानली नाही. त्यांनी देवळाला कळस चढविला नाही, छापखाना दिला. म्हणजे तोंड दिले.

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. गांधीजींची सर्व मते आपल्या चळवळीस मान्य होती असे नाही. पण सत्य कोणाच्याही घरचे असो, ते घ्यावे. नाताळातल्या हिंदी लोकांनी, १८९७ आणि १८९९ च्या दुष्काळांत, हिंदुस्थानकरिता वर्गणी करून पैसा पाठविला. त्या दोन्ही दुष्काळांनी आपला मध्यप्रांत होरपळून निघाला होता. १९०४ साली जोहान्सबर्गच्या हिंदी वस्तीत प्लेग शिरला, तेव्हा गांधीजी, डॉक्टर विल्यम गॉडफ्रे आणि काही कारकून यांनी कुलूप तोडलेल्या एका रिकाम्या घरात खाणीतल्या २३ मजुरांची शुश्रूषा केली. दोन वाचले, शुश्रूषेस आलेली नर्सही दगावली. पुढे नगरपालिकेने ती वस्ती जाळून टाकली. तत्पूर्वी तेथल्या गरीब लोकांनी जमिनीत पुरून ठेवलेला पैसा उकरून काढला. गांधीजींच्या हातून सुमारे ६०,००० पौंड बँकेत ठेवले गेले. अशी माणसे मायदेशाच्या दुष्काळाला वर्गणी देत होती. त्यांना उपकारकर्ते म्हणविण्याची हौस नव्हती. आपले लोक उपाशी आहेत, एवढे कारण त्यांना पुरेसे होते.

बंधुभगिनींनो, घेणेकरी व्हावयाचे तर आपलीही वही हवी. आपल्या जिल्ह्यात अशी वही होती. सेवाग्रामच्या रुग्णालयाने १९८० च्या सुमारास ज्वारीची विमा योजना चालविली. सुगी झाली की गावाने ज्वारी गोळा करावयाची. ज्याचे वावर मोठे त्याने जास्त, भूमिहीनाने थोडी. गावातली बहुतेक घरे सामील झाली तरच गावाला योजनेत घेत, आणि मग त्या घरांना रुग्णालयात सवलत मिळे. विमा कंपनी नाही, दलाल नाही. पायलीने मोजलेला विमा. पायलीभर ज्वारी देणाऱ्या बाईला रुग्णालयाच्या दारात हात जोडून उभे राहावे लागत नव्हते. ती आपल्या हक्काच्या दारात उभी होती. बाहेरचा पैसा याच पायरीवर येऊन पडला पाहिजे. आधी गावाची पायली, मग परदेशीची रक्कम. ज्या गावाने आपली पायली घातली आहे, ते गाव दुसऱ्याच्या पैशाचाही हिशेब मागते.

म्हणून मी आपल्यापुढे चार गोष्टी ठेवतो.

पहिली. प्रत्येक गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छतेची समिती कायद्याने आहेच. तिच्या बैठका कागदावर न होता चावडीवर व्हाव्यात. गावातून कोण कोण बाहेर गेले, पुण्यास, हैदराबादेस, दुबईस, अमेरिकेस, याची यादी समितीने करावी. त्यांना लिहावे ते भिकेचे पत्र नसावे. गावाला काय लागते याची यादी असावी.

दुसरी. ती यादी यंत्रांपासून सुरू होऊ नये, माणसांपासून व्हावी. गावच्या एका मुलीचा नर्सिंगचा खर्च, एका मुलाला रुग्णालयातली यंत्रे दुरुस्त करण्याचे शिक्षण, आशा भगिनीच्या हाती चालू स्थितीतला ताप व प्राणवायू मोजण्याचा संच. साथ नसताना हे केले तर साथीत यंत्र उपयोगी पडेल.

तिसरी. दर पैशाचा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा आणि भिंतीवर लिहावा. देणाऱ्याचे नाव वहीत असावे, भिंतीवर हिशेब असावा. आज उलट होते.

चौथी. वाटपात जात, धर्म, पक्ष पाहिला गेला तर त्या गावाने ती मदत परत करावी. १९२८ साली जमनालाल बजाजांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांस खुले केले. देवळाचे दार उघडणाऱ्या जिल्ह्यात दवाखान्याचे दार कोणाला बंद राहू नये.

शेवटी एका आक्षेपाचे उत्तर देतो. कोणी शहाणा म्हणेल, “लोकच सारे करू लागले तर सरकार काय करणार?” हा आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच मी दान शब्द टाकून परतफेड शब्द घेतला. दान मिळाले की सरकार अंग काढून घेते. घेणेकरी मात्र सरकारकडेही वही घेऊन जातो. १९४६ साली भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे सुचविले. त्या अहवालाचे काय झाले, हे आपल्या तालुक्याच्या केंद्रात जाऊन पाहा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राष्ट्रीय उत्पन्नातील शंभरास अडीच इतका सरकारी खर्च आरोग्यावर २०२५ पर्यंत व्हावा असे लिहून ठेवले. हेही आपले येणेच आहे. परदेशातल्या मुलाकडे जे मागावयाचे तेच दिल्ली-मुंबईकडे मागावयाचे. एकाकडे घेतले म्हणून दुसऱ्याचे सोडावयाचे नाही.

आणि परदेशी बसलेल्या माझ्या बंधुभगिनींना हे भाषण छापून पोहोचले तर त्यांना एवढेच सांगणे आहे. बाबांनो, तुम्ही पाठविलेत ते आम्ही विसरलो नाही. पण आमच्या पायावर उभे राहण्याला मदत करा, पाया पडण्याला नको. साथीची वाट पाहू नका. विचारून द्या. देऊन झाल्यावर हिशेब मागा. आम्ही तो देऊ, आणि आम्हीही तुमच्याकडे एक हिशेब मागू. ज्या म्हातारीने तुमच्या शिक्षणाला कर भरला, तिच्या नातीला नर्स होता आले काय, हा तो हिशेब.

सावित्रीबाईंनी त्या मुलाला पाठीवर घेताना त्याच्यावर उपकार करीत आहोत असे मानले नाही. ते आपलेच मूल आहे असे मानले. सारा प्रश्न एवढाच आहे. आपले म्हटले की उपकार उरत नाही.

 सत्यमेव जयते.